डिंकाचं पाणी

ही गोष्ट रात्रीची नाही.

हे आधीच सांगून टाकतो. भुताखेताचं म्हटलं की लोक अमावस्या आणि पिंपळ धरून बसतात. इथं जे झालं ते सगळं दिवसाउजेडी झालं. दुपारी, जेवणं आटपून बायका ओट्यावर जरा टेकतात त्या वेळेला.

आणि हे खरं आहे. माझ्या सख्ख्या मामीच्या बाबतीत घडलंय. तिनं स्वतःच्या तोंडानं मला कितीदा तरी सांगितलं, आणि दरवेळी एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. वरसे गावाच्या पलीकडे, कुंडलिकेच्या काठाला लागून असलेली एक बौद्धवाडी. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत.

त्यातल्या काहींना दिसत नाही.

मामीचं नाव जनी. इथं तिला मी जनीच म्हणतो, कारण तेव्हा ती कुणाची मामी नव्हती. नवी नवरी होती. नवरा जगन, म्हणजे माझा मामा, रोह्याच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात चांगला होता. डोकं त्याहून चांगलं होतं.

वाडीत एक भंते होते. भंते शीलरत्न.

त्यांचं मूळ नाव कान्हू, जन्म याच वाडीतला. पोरवयात ते पेणला गणपतीच्या एका कारखान्यात कामाला लागले. माती मळायची, रंग घोटायचे, झाडलोट करायची. बोटं अशी की बाकीचे कारागीर काम थांबवून बघत राहायचे. पण मूर्तीचे डोळे काढायचं काम, आखणी, ते कान्हूला कधी मिळायचं नाही. त्याच्या जातीचा हात देवाच्या डोळ्याला लागायचा नव्हता.

एकदा दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना त्यानं एका मूर्तीचे डोळे काढले.

म्हणतात, त्या वर्षी तसे डोळे अख्ख्या पेणमध्ये दुसऱ्या मूर्तीला नव्हते. मालकानं ती मूर्ती अंगणात आणून कान्हूच्या समोर फोडली. तुकडे त्यालाच गोळा करायला लावले. मग हाकलून दिलं.

पुढं छप्पन सालानंतर वाडीनं बौद्ध धम्म घेतला. कान्हूनं त्याच्याही पुढं जाऊन चीवर घेतलं, भिक्षू झाला. बरीच वर्षं तो कुठं कुठं हिंडला आणि परत आला तो भंते शीलरत्न होऊन. तोवर त्यांना अक्षरांचं आणि चित्रांचं असं वेड लागलं होतं की दुसरं काही उरलंच नव्हतं. तालुक्यातल्या कितीतरी विहारांच्या भिंतींवर त्यांच्या हातच्या गाथा होत्या. एकच ‘ध’ सकाळभर गिरवत बसायचे. काजळी स्वतः धरायचे, दिव्यावर मातीचं परळ उलटं टाकून. ब्रशसुद्धा स्वतः बांधायचे. वाडीत कुणाच्या बाळाचं जावळ काढलं की ते केस मागून न्यायचे. म्हणायचे, "या केसांनी अजून कुणाचं वाईट पाहिलेलं नाही."

पण भंते प्रेमळ होते असं मी म्हणणार नाही.

बायजा म्हणून एक म्हातारी होती. तिचा नवरा शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा ती पळत विहारात आली. "भंते, चला, त्यांना सूत्र ऐकवा." भंते भिंतीवर ओळ लिहीत होते. "एवढी ओळ होऊ दे," म्हणाले. ओळ झाली. भंते गेले. तोवर म्हाताऱ्याच्या तोंडावर फडकं टाकलं होतं.

आणि जगन. जगन लहानपणापासून त्यांच्या हाताखाली अक्षर शिकला होता. एकदा पौर्णिमेला सगळी वाडी जमलेली असताना त्यानं विहाराच्या दारावर ‘बुद्धं सरणं गच्छामि’ लिहिलं. फार मन लावून लिहिलं. भंतेंनी जवळ जाऊन पाहिलं, ओलं फडकं घेतलं आणि सगळ्यांच्या देखत पुसून टाकलं.

"हे अक्षर नाही जगन," ते म्हणाले. "ही दुकानाची पाटी आहे."

जगननं ब्रश गुंडाळून ठेवला. तो कधीच मोठ्यानं बोलायचा नाही. हसायचाही नाही. नुसता ओठ मुडपायचा.

मग भंतेंचे डोळे जायला लागले.

रोह्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. फार उशीर झालाय म्हणाला. उजेड कुठला आणि सावली कुठली एवढंच कळायचं. भंतेंनी ते लपवून ठेवलं. नेमका तेव्हाच वाडीनं अंगमेहनतीनं नवा विहार बांधला होता, आणि मागची मोठी भिंत त्यांच्यासाठी कोरी ठेवली होती. तिथं बुद्ध काढायचा. भंतेंनी त्यासाठी अख्खा जन्म घालवला होता. वर्षावास सुरू झाला. आषाढापासून आश्विनापर्यंत भिक्षूनं एका जागी राहायचं, ते हे दिवस. भंतेंनी काम सुरू केलं.

चित्र पाहिलं आणि भंतेंचे डोळे गेलेत हे वाडीला कळलं.

नाक हनुवटीवर उतरलेलं. एक कान हवेत. ओठांच्या जागी काळा फराटा.

कुणाची सांगायची हिंमत होईना. पंच जमले, कुजबुज झाली. मोरू म्हणून एक जण वाळूच्या होडीवर होता, अंगानं दांडगा आणि तोंडानं फाटका. तो म्हणाला, "हात धरून बाहेर काढा म्हाताऱ्याला. भिंत नासवली."

तेव्हा जगन बोलला.

"काढायचं कशाला? भिंतीला चुना मारू. आन् भंत्यांना रंगाच्या जागी डिंकाचं पानी देऊ. वास तोच, चिकटपना तोच. त्यांना काय कळतंय? वर्षावास संपेतो त्यांचं मन ऱ्हाईल. मग मी काढतो बुद्ध."

सगळ्यांना पटलं. किती समजूतदार आहे जगन, असंही कुणीतरी म्हणालं.

डिंकाचं पाणी करायचं काम जनीकडं आलं.

ती रोज सकाळी डिंक भिजवायची, गाळायची, त्यात थोडा गूळ विरघळवायची. रंग तडकू नये म्हणून भंते नेहमी गूळ घालायला सांगायचे. मग तेच पाणी तीन वाट्यांत ओतायचं. एक काळा, एक गेरू, एक पिवळा.

"काळा कुठला गो जने?"

जनी त्यांचा हात धरून एका वाटीवर ठेवायची.

"हा बघा, भंते."

पहिल्या दिवशी तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी कमी आलं.

कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर एक आंधळा माणूस दिवसभर पाण्यानं चित्र काढायचा. मागं सरकायचा. मान तिरकी करायचा. पुन्हा पुढं जाऊन एखादी रेघ सावरायचा.

आधी लोक बघून गप्प निघून जायचे.

मग एका दुपारी बायजाला हसू फुटलं.

तिनं पदर तोंडात कोंबला, पण आवाज निसटला. भंतेंनी मान वळवली. "कोण?"

"मी बायजा, भंते. बुद्धाचं तेज बघून जीव हरखला हो."

बाहेर ओट्यावर बायका हसून लोळायच्या बाकी होत्या.

त्यानंतर रोजचंच झालं. जेवणं झाली की माणसं विहारात यायची. मोरू तर वरशाहून पाहुणे घेऊन यायचा. "भंते, पिंपळाची पानं कशी हलतायत हो! वारा लागतोय अंगाला!" पाहुणे भिंतीला धरून हसायचे. एक बाई हसता हसता खाली बसली.

जगन फक्त दारात उभा राहायचा.

"भंते, उजव्या कानाकडं जरा काळा द्या," तो शांतपणे सांगायचा. "अजून थोडा. हां. आता खाली."

आणि भंते तो म्हणेल तिथं ब्रश न्यायचे. एके दिवशी चित्राखाली गाथा लिहून त्यांनी विचारलं, "जगन, अक्षर कसं आलंय रे?"

"आता जमायला लागलंय तुमाला," जगन म्हणाला.

मोरू हसत हसत थेट अंगणात पळाला.

जनीनं घरी नवऱ्याला विनवलं, "पुरे करा ओ. पाप हाय ह्ये."

"तूच पानी करतंस ना?" जगन म्हणाला. "मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा डिंक भिजवला.

आश्विन लागला होता. एका दुपारी विहारात कुणी नव्हतं. वाडीतली माणसं कापणीला गेली होती. जनी वाट्या धुवायला आली.

भंते भिंतीकडं पाठ करून बसले होते.

"जने, बस इथं. मी काय काढलंय ते सांग मला."

जनीनं कोऱ्या भिंतीकडं पाहिलं.

"बुद्ध काढलाय, भंते. पद्मासनात बसलाय. मागं पिंपळ."

"चीवर?"

"पिवळं. एका खांद्यावर."

"आणि डोळे?"

"अर्धे मिटलेले, भंते. लय शांत हायेत. बघत ऱ्हावंसं वाटतं."

भंतेंनी मान हलवली. मग म्हणाले...

"डोळे मी अजून काढलेच नाहीत गो."

जनीच्या हातातली वाटी वाजली.

त्यांनी हात पुढं केला. तिच्या हातातून वाटी घेतली, ओठाला लावली, आणि सगळं पाणी प्यायले. सावकाश. घोट घोट.

"गोड आहे," ते म्हणाले.

बस. एवढंच. ना शिवी, ना शाप. रडले नाहीत. वाटी खाली ठेवली, चाचपत उठले आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

"उद्या पाणी जरा दाट कर."

जनीनं हे कुणालाच सांगितलं नाही. जगनलाही नाही. मामी म्हणते, सांगितलं असतं तर लोक थांबले असते की आणखी हसले असते, हे तिला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवसापासून भंते बदलले.

ते आता स्वतःच लोकांना बोलवायचे. "बायजा आली का? ये, पुढं ये. अशी जवळ उभी राहा. हस बघू."

बायजा चकित झाली. "हसू?"

"हस की. रोज हसतेस तशी."

बायजा हसली. भंतेंनी कान तिच्याकडं केला. डोळे मिटले. आणि हात भिंतीवर चालायला लागला... भराभर... कुठंही न अडखळता.

मग मोरू. मग बाकीचे. एकेकाला जवळ घेऊन हसायला लावायचे, कान द्यायचे आणि भिंतीवर रेघा ओढायचे. लोकांना तर आणखीच मजा वाटली. म्हातारा पुरता बिथरला म्हणाले.

जनी कोपऱ्यात उभी राहून हुंदका दाबायची. एकदा तो दाबला गेला नाही.

भंतेंचा कान तिच्याकडं वळला.

हात चालू झाला.

आश्विन पौर्णिमेला सकाळी वाडी वंदनेला जमली. भंते भिंतीसमोर मांडी घालून बसले होते. हाक मारली. उठले नाहीत. मोरूनं खांद्याला हात लावला तर अंग लाकडासारखं.

उजवा हात वर होता. ब्रश भिंतीला टेकलेला.

मोरू पुढं जाऊन वाकला, आणि ओरडत मागं सरला.

मुंग्या.

बारीक काळ्या मुंग्या. वाटीतून निघून बोटांवर, बोटांवरून मनगटावर, गळ्यावर, गालावर... आणि दोन्ही डोळ्यांत गच्च भरलेल्या. डोळे उघडेच होते. पण आत मुंग्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

त्यांना नदीकाठी अग्नी दिला. जगननं सगळं पुढं होऊन केलं. मग त्यानं बुद्ध काढायची तयारी सुरू केली. रोह्याहून रंग आणले.

काही दिवसांनी जनी दुपारची विहार झाडायला गेली.

ऊन कडक होतं. बाहेर बायका भांडी घासत होत्या, त्यांचा आवाज येत होता. ती आत शिरली आणि...

आवाज बंद झाला.

भांड्यांचा, बायकांचा, झाडावरच्या कावळ्यांचा. सगळा.

आणि मग भिंतीवरून ऐकू आलं...

सर्र... सर्र...

ओल्या ब्रशाचा आवाज. तो तिला रोजच्या ओळखीचा होता.

भिंतीवर मुंग्या होत्या. खालून वर चढत होत्या, पण रांगेत नाही. एक वळसा घेत होत्या. मग दुसरा. कपाळ झालं. नाक. फाकलेलं तोंड, त्यात वरचा एक दात पडलेला.

जनी धावत बाहेर आली. कानात आवाज एकदम परत शिरले. बायका आत आल्या, बघून थबकल्या, आणि एकमेकींकडं बघायला लागल्या.

तेवढ्यात बायजा आली.

"ही कोन गो भवानी?" ती भिंतीकडं बघत म्हणाली. "कशी दात काढून हसतेय बघा."

एकेक जण भांडी आवरायला बाहेर निघाली.

बायजाला आपला चेहरा ओळखू आला नाही. बाकी सगळ्यांना आला होता.

दिवाळीच्या आसपास बायजाचे डोळे पांढरे झाले. चुना भरल्यासारखे. डॉक्टरनं बोट हलवलं, बॅटरी मारली. मोतीबिंदू नाही म्हणाला. मग काय, ते त्यालाही सांगता आलं नाही.

पुढचा चेहरा मोरूचा.

मोरू आला तेव्हा मुंग्या त्याची मिशी काढत होत्या. त्यालाही कळलं नाही की हा आपणच. पण आजूबाजूच्या माणसांची तोंडं बघून त्याला संशय आला. त्यानं पायातली चप्पल काढली आणि भिंत झोडपायला लागला. मुंग्या चिरडल्या. भिंतीवर काळे डाग उठले. मोरू घामाघूम झाला, हसला. "झाला ना खेळ?"

नंतर एका दुपारी तो होडीतून वाळू उतरवत होता. लख्ख ऊन पडलेलं. मोरू मध्येच थांबला. टोपली तशीच डोक्यावर.

"अरं," तो म्हणाला, "येवढ्यात अंधार कसा झाला रं?"

बाकीच्यांना वाटलं मस्करी करतोय. ते हसले.

मोरूनं पाऊल पुढं टाकलं. पुढं फळी नव्हती. ओहोटीचं पाणी ओढीचं होतं आणि मोरू पोहणारा गडी, पण काठ कुठल्या बाजूला हेच त्याला कळेना. तो उलट्या बाजूला हात मारत राहिला. माणसं ओरडत होती, "हिकडं, हिकडं ये!"

दुसऱ्या दिवशी सापडला.

मग मात्र वाडी हबकली. एकेकाचा चेहरा येत गेला. कुणाचा महिन्यानं, कुणाचा पावसाळ्यानंतर. ज्याचा आला त्याला कुणी सांगायचं नाही. सगळे खोटं बोलायचे. "कोन नाय. नुसत्याच मुंग्या हायेत." आणि तो माणूस घरी जाऊन आरशात बघत बसायचा.

जगननं काय नाही केलं? मुंग्यांची पावडर मारली. उकळतं पाणी ओतलं. चुन्याचे थरावर थर दिले. शेवटी पहार घेऊन गिलावा पाडला.

गिलाव्याच्या आत, विटांवरही, मुंग्या होत्या.

आणि तो त्या भिंतीवर बुद्ध काढायला गेला की रंग धरायचाच नाही. ओघळून खाली यायचा.

त्यातच एक दिवस जनी झाडत असताना भिंतीवर नवा चेहरा उमटला. बाईचा. पण हसरा नव्हता. ओठ आवळलेले, भुवया आत ओढलेल्या. जनी जवळ जाऊन निरखायला लागली. शेजारची पुतळी तिला हाक मारत आत आली आणि दारातच थांबली.

"पुतळे, ही कोन गो? वळखू येत नाय."

पुतळीनं तिच्या हातातला झाडू काढून घेतला.

"कोन नाय, वैनी. चल घरला."

"अगो, पन बाई हाय ना?"

"म्हनले ना कोन नाय!" पुतळी ओरडली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

तेव्हा जनीला कळलं.

ती घरी गेली. जगनला समोर बसवलं आणि त्याचा चेहरा बघत राहिली. किती वेळ बघत होती ते तिला आठवत नाही. मामी म्हणते, "तेवढाच जवळचा होता ना मला. पाठ करून घेतला."

तिचे डोळे शिमग्याच्या आधी गेले. भाकरी थापत होती. तवा दिसेनासा झाला.

ती कधी हसली नव्हती. एकदाही नाही. पण पाणी तिनंच केलं होतं.

आता उरला जगन.

ज्याच्या डोक्यातून हे सगळं निघालं, तो. त्याचा चेहरा आलाच नाही.

पहिलं वर्ष त्यानं आनंदात काढलं असेल असं वाटतं? नाही. तो रोज सकाळी आणि रोज दुपारी विहारात जायचा. भिंत बघायचा. परत यायचा. दुकानांच्या पाट्या सुटल्या. ब्रश हातात धरला की दुसऱ्या हातानं तो डोळे झाकून घ्यायचा. आंधळ्या बायकोला तो न्हाऊ घालायचा, भरवायचा, हात धरून बाजारात न्यायचा. लोक म्हणायचे, बघा कसं करतोय बायकोचं.

"माजा कदी येनार गो?" तो तिला विचारायचा.

एकदा ती म्हणाली, "तुमी कदी मोट्यानं हसलाच नाय. त्यांना तुमचा चेहरा गावलाच नसंल."

त्यावर जगन उठला. तडक विहारात गेला. जनी भिंती चाचपत त्याच्या मागं गेली आणि दाराबाहेर बसली. आत काय झालं ते तिनं फक्त ऐकलं.

जगन हसत होता.

मोठमोठ्यानं. खोटं, कोरडं हसू. भिंतीसमोर उभं राहून. "हा बगा भंते! मी जगन! ऐकताय ना? हा बगा!"

भिंतीवरून काही आवाज आला नाही.

मग त्यानं घरून डिंक नेला. गूळ नेला. पाणी कालवलं. ब्रश बुडवला आणि स्वतःच्या हातानं स्वतःचा चेहरा त्या भिंतीवर काढला. आरसा समोर धरून. चांगला काढला असणार. हात त्याचा चांगलाच होता.

तो मुंग्यांची वाट बघत बसला.

त्या विहारात त्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्यात मुंग्या होत्या. दाराबाहेर बसलेल्या जनीच्याही पायावरून, मांडीवरून जात होत्या. जगन ओरडून सांगत होता, "इकडं या! इथं गोड हाय!"

एकही मुंगी भिंतीवर चढली नाही.

संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा तो बाहेर आला. जनीचा हात धरला. घरी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

वाडीनं पुढं तो विहार सोडला आणि दुसरीकडं नवा बांधला. जुन्याचं छप्पर कोसळलं. भिंत मात्र उभी आहे. आता तिच्यावर काहीच उमटत नाही असं म्हणतात. मी आत जाऊन पाहिलेलं नाही.

गेल्या आश्विनात मी पेणहून मामाकडं गेलो होतो. मामा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. दुपारची वेळ. म्हातारा झालाय, पण नजर अजून अशी की रस्त्यावरच्या गाडीचा नंबर वाचतो. चष्मासुद्धा नाही.

मला बघून त्यानं जवळ बोलावलं. तो सारखा गालावरून, कपाळावरून, पापण्यांवरून हात झटकत होता. कातडी पार सोलून निघालेली.

"भाच्या, माज्या तोंडावर काय फिरतंय काय रं? बग जरा नीट."

मी वाकलो. भर उन्हात त्याचा चेहरा अगदी जवळून पाहिला.

"काय नाही मामा. काहीच नाही."

त्यानं पुन्हा गाल झटकला.

"आमीबी भंत्यांना असंच सांगायचो," तो म्हणाला.

मी पुन्हा पाहिलं. शपथेवर सांगतो, काहीही नव्हतं. पण ते त्याला पटवायचं कसं? त्यानं माझा हात घट्ट धरला. "खरं सांग. कानाजवळ हाय ना? आता खाली सरकलं ना?"

मी हात सोडवून घेतला. अंगणात एकदम सगळं गप्प झालं. कोंबड्या होत्या, त्याही गप्प.

तेवढ्यात मामी आतून म्हणाली...

"मामांना सगळी जनं हसताय कशाला रं?"

मी हसलो नव्हतो. मामाही हसला नव्हता.

"कोण हसलं, मामी?"

आतून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

मी पाणीही न पिता निघालो.